पक्की पावती आणि पिशवीचे लेबल : बी-बियाणे, खते, औषधे घेणाऱ्या सभासदांसाठी कायद्याची माहिती



शेतकी खात्यातर्फे या अंकातून बेणे बदल, पाचट कुजविणे, खोडव्याची मशागत, हुमणीचा बंदोबस्त असे विषय आम्ही नेहमी मांडत असतो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर पैसे टाकून आपण जो माल घेतो, त्या व्यवहाराबद्दल कायदा काय म्हणतो आणि गेल्या काही वर्षांत त्यात काय काय बदलले, हे या लेखात सांगावयाचे आहे. विषय वकिलाचा वाटला तरी तो आपल्या बांधावरचा आहे. गट कार्यालयात येणाऱ्या तक्रारींत "बी उगवलं नाही", "औषधाने ऊस पिवळा पडला", "खताने काहीच फरक दिसला नाही" अशा तक्रारी दर हंगामात असतात. आम्ही पहिला प्रश्न विचारतो, पावती आहे का? बहुतेक वेळा पुढे बोलणे खुंटते.

शेतकरी हा ग्राहक आहे काय?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर मिळायला बरीच वर्षे गेली. आपल्या महाराष्ट्रात ग्राहक चळवळ जुनी. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकाचा स्वतंत्र कायदा नव्हता. ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती २४ डिसेंबर १९८६ रोजी, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. पण त्या कायद्यात एक मेख होती. धंद्यासाठी माल घेणारा हा ग्राहक नव्हे, असे त्यात म्हटले होते. बियाणे कंपन्यांनी तेच धरून ठेवले. त्यांचे म्हणणे असे की, शेतकरी बी घेतो ते पिकवून विकण्यासाठी, म्हणजे तो धंदेवाईक. शिवाय बियाण्यांसाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे, तेव्हा ग्राहक मंचाने यात पडू नये.

आता हा १९६६ चा बियाणे कायदा काय देतो ते पाहा. निकृष्ट बी विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे जास्तीत जास्त पाचशे रुपये. पुन्हा गुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हा दंड जातो सरकारी तिजोरीत. ज्याचे शेत पडीक राहिले त्याला नुकसानभरपाई द्यावी असा एक शब्दही त्या कायद्यात नाही. म्हणजे कंपन्यांचे म्हणणे मान्य झाले असते तर शेतकऱ्याच्या हाती धुपाटणेच राहिले असते.

सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. १९९८ साली जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीच्या सूर्यफूल बियाण्याचे प्रकरण तेथे गेले होते. तक्रारदार शेतकरी आंध्र प्रदेशातले होते. बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही, अशी कंपनीची तक्रार होती. न्यायालयाने सांगितले की शेतकऱ्याने सगळे बी पेरून टाकले, त्याच्याकडे तपासायला काय उरणार? बी चांगले होते असे कंपनीला म्हणायचे असेल तर तपासणीची मागणी कंपनीनेच करायला हवी होती.

पुढे १६ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात याच न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. हेही शेतकरी आंध्रातलेच. त्यात तीन गोष्टी पक्क्या झाल्या. पेरणीसाठी बी विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे. बियाणे कायदा आहे म्हणून ग्राहक मंचाचा दरवाजा बंद होत नाही. आणि बियाण्याचा नमुना शिल्लक नसला तरी कृषी अधिकाऱ्यांचा शेतावरचा पाहणी अहवाल पुरावा म्हणून धरता येतो. शेतकऱ्याने पेरायला आणलेल्या बियाण्यातले मूठभर बी पुढे-मागे खटला करावा लागेल म्हणून बाजूला काढून ठेवावे, अशी अपेक्षा करता येत नाही, असा या निकालाचा रोख आहे. आम्हाला हे वाक्य फार पटले. तरीही आमचा सल्ला असा की, मूठभर बी लेबलासह ठेवावेच. न्यायालयाने सवलत दिली म्हणून पुरावा फेकून द्यायचे कारण नाही.

हे प्रश्न केवळ आंध्रातले नाहीत. २०२० च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला. आपल्या जिल्ह्यातही उसाच्या आधी किंवा उसाच्या जोडीला सोयाबीन घेणारे सभासद पुष्कळ, त्यांना ते वर्ष आठवत असेल. दुबार पेरणी करावी लागली, पहिला पाऊस वाया गेला, त्यामागे पूर्वहंगामी लागण लांबली. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन सरकारी यंत्रणेला जाब विचारला. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असली पाहिजे असे मानक आहे. ते पिशवीच्या लेबलावर छापलेले असते. पण लेबल किती जण वाचतात?

नवा कायदा

जुना १९८६ चा कायदा जाऊन ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपल्या कामाच्या त्यातल्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

तक्रार आता आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात करता येते. पूर्वी बहुधा दुकानदाराच्या किंवा कंपनीच्या गावी जावे लागे. सोलापूर, लातूर किंवा बार्शीहून खत-औषध आणणाऱ्या भूम-परंड्याच्या किंवा उमरग्याच्या सभासदाला आता धाराशिवच्या जिल्हा आयोगातच दाद मागता येईल. मालासाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी अजिबात नाही. आपल्यापैकी बहुतेकांची खरेदी त्याच्या कितीतरी आत असते. वकील लावलाच पाहिजे असे नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे सदोष मालाची जबाबदारी. पूर्वी दुकानदार म्हणायचा, माल कंपनीचा आहे, कंपनीला विचारा. कंपनीचा पत्ता गुजरात नाहीतर हैदराबादचा. नव्या कायद्याने माल बनविणारा आणि विकणारा, दोघांचीही जबाबदारी लिहून ठेवली आहे. मालाचा उत्पादक कोण हेच कळत नसेल किंवा त्याला नोटीस बजावता येत नसेल, तर विकणाऱ्यावर येते. मात्र दुसरी बाजूही आहे. लेबलावर सांगितल्यापेक्षा निराळा वापर केला, प्रमाण दुप्पट केले, दोन-तीन औषधे एका पंपात कालवली, तर कंपनी त्यावर बोट ठेवणार आणि ते कायद्याला धरून असणार.

उधारीवर घेतलेल्या मालाचे काय, असे सभासद विचारतात. कायद्यात पैसे दिलेले असोत, द्यायचे कबूल केलेले असोत किंवा थोडे दिलेले आणि थोडे राहिलेले असोत, तिन्ही प्रकारचा खरेदीदार ग्राहकच आहे. तसेच पावती वडिलांच्या नावाची आणि पेरणी मुलाच्या शेतात, असे असले तरी खरेदीदाराच्या संमतीने माल वापरणारा हाही ग्राहक धरला जातो.

पावती मागणे हा उपकार नव्हे

बियाणे नियंत्रण आदेश १९८३ आणि खत नियंत्रण आदेश १९८५ या दोन्हींनी विक्रेत्यावर दोन बंधने घातली आहेत. दुकानात साठा आणि भाव दिसेल असा फलक लावायचा आणि प्रत्येक खरेदीदाराला रोख किंवा उधारीची पावती द्यायची. "बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा पडेल" असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे. छापील कमाल किमतीत सर्व कर आलेले असतात. पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलेली कच्ची चिठ्ठी ही पावती नव्हे. पावतीवर मालाचे नाव, कंपनी, लॉट किंवा बॅच नंबर, नग, वजन, दर, तारीख आणि दुकानाचा परवाना नंबर हवा. यातला बॅच नंबर बहुधा गाळला जातो आणि नेमका तोच लागतो. बॅच नंबर नसेल तर पिशवीवरून आपणच दुकानदाराकडून लिहून घ्यावा.

खताची गोष्ट थोडी अधिक सांगतो, कारण उसाला पैसा तेथेच जास्त लागतो.

अनुदानित खत देशभर २०१८ पासून ठशाच्या मशीनवर विकले जाते. आधार देऊन, अंगठा लावून माल मिळतो आणि मशीनमधून पावती निघते. ती पावती बाहेर येते पण घरी येत नाही, दुकानातच पडते. ती मागून घ्या. तुमच्या नावावर किती गोण्या चढल्या ते तिच्यावर असते. दोन गोण्या घेतल्या आणि कागदावर पाच दिसल्या तर तीन कोणाच्या शेतात गेल्या, हा प्रश्न विचारता येतो.

ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खतांच्या गोण्या 'भारत' या एकाच नावाने येतात. भारत युरिया, भारत डीएपी वगैरे. कंपनीचे नाव आता लहान अक्षरात असते, ते शोधून वाचावे लागते. आणखी एक बदल तर कित्येकांच्या हिशेबात अजून आलेलाच नाही. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ची ४५ किलोची झाली. युरियात नत्र ४६ टक्के. ५० किलोत २३ किलो नत्र येत होते, ४५ किलोत २०.७ किलो येते. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकरी १००. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे धरले तर पूर्वी साडेचार गोणीत काम भागायचे, आज जवळपास पाच लागतात. "आमच्या वडिलांपासून चार गोण्या" असे म्हणून चार टाकणारा सभासद एकरी सतराच्या वर किलो नत्र कमी टाकतो. त्यातच जानेवारी २०२४ पासून गंधक लावलेला 'युरिया गोल्ड' ४० किलोच्या गोणीत मंजूर झाला. त्यात नत्र ३७ टक्के, गंधक १७ टक्के. एका गोणीत १४.८ किलोच नत्र. माल वाईट नाही, आपल्या जमिनीला गंधक हवेच असते. पण युरियाची गोणी म्हणून सरळ बदली केली तर नत्राचा हिशेब चुकतो. यात कोणी फसवले असे नाही. सगळे गोणीवर छापलेले आहे, फक्त वाचायचे राहते.

फसवणूक असते ती लिंकिंगमध्ये. युरिया किंवा डीएपी पाहिजे तर ही बाटली, ती पुडी घ्यावीच लागेल, अशी सक्ती होते. टंचाईच्या दिवसांत तर सर्रास. अशी सक्ती बेकायदेशीर आहे असे केंद्र व राज्य सरकारने अनेक वेळा बजावले आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की कंपनीच आम्हाला त्याशिवाय माल देत नाही. त्यात तथ्य असेलही, पण त्याचा भुर्दंड सभासदाने का सोसावा? नको असलेला माल गळ्यात मारला तर त्याचीही पावती घ्या आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या. तोंडी तक्रार हवेत जाते.

टॉनिकवाले

उसात एकरी शंभर, सव्वाशे टनांची चित्रे लावून ज्या बाटल्या खपतात, त्यांच्या बाबतीत अलीकडे मोठा बदल झाला आहे. वाढ करणारी ही जी टॉनिके, ज्यांना कागदोपत्री जैव-उत्तेजके म्हणतात, ती बरीच वर्षे कोणत्याच कायद्यात बसत नव्हती. म्हणजे ना खत, ना औषध. त्यामुळे बाटलीत काय आहे ते विचारणारा कोणी नव्हता. २०२१ साली त्यांना खत नियंत्रण आदेशात आणले. तोपर्यंत बाजारात असलेल्या मालाला तात्पुरती परवानगी होती, तिची मुदत १६ जून २०२५ रोजी संपली. आता ज्या मालाचा समावेश त्या आदेशाच्या सहाव्या अनुसूचीत झाला आहे तोच विकता येतो, आणि घटक व प्रमाण लेबलावर लिहावे लागते. तेव्हा बाटली हातात घेऊन त्यात काय आहे ते विचारा. "संशोधित फॉर्म्युला" हे उत्तर नव्हे. खोट्या जाहिरातींवर कारवाई करण्यासाठी २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही नेमले गेले आहे. आमचे स्वतःचे मत विचाराल तर, माती परीक्षण करून खताच्या मात्रा वेळेवर देणाऱ्याला अशा बाटलीवाचून फारसे अडत नाही.

औषधांची बाटली

कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा. लेबलावरचा चौकोन सर्वांना ठाऊक आहे : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. ठाऊक नसते ते असे की काही औषधे बाजारातून कायमची गेली आहेत. हुमणीसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरले जाणारे फोरेट, म्हणजे आपले थिमेट, ८ ऑगस्ट २०१८ च्या केंद्राच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. अजूनही कोणी "जुना स्टॉक आहे, देतो" म्हणत असेल तर तो माल घेऊ नये. बंदी असलेल्या मालाची पावती मिळणार नाही, आणि पावतीविना काही झाले तर दाद कोठे मागणार?

दोन वर्षांमागे कार्यक्षेत्रातले एक सभासद गट कार्यालयात आले. अडीच महिन्यांच्या लागणीत तणनाशक मारले होते. आठवड्यात पोंगे पिळवटले, पाने पांढरी पडली. ते आले बाराव्या-तेराव्या दिवशी. आधी वाट पाहिली, मग शेजाऱ्याने सांगितले तसा युरिया फेकून पाणी दिले. आम्ही शेतावर गेलो. नुकसान उघड दिसत होते, पण ते कशाने झाले हे सांगायला हाती काही नव्हते. औषध ओळखीच्या दुकानातून उधारीवर, पावती नाही. बाटली विचारली तर घरातल्यांनी ती धुऊन त्यात इंजिनाचे डिझेल भरले होते आणि लेबल खरवडून काढले होते. औषध भेसळीचे होते, की दुसऱ्याच पिकाचे होते, की पंपात आधीचे काही राहिले होते, हे आजतागायत कळलेले नाही. दुकानदार म्हणाला, मी हे औषध दिलेच नाही. त्या तीन एकरांचा ऊस पुढे फुटला, पण गाळपाला आला तेव्हा टनेज निम्म्यावर होते. सोसायटीचे कर्ज मात्र पूर्ण होते.

म्हणून नुकसान दिसले की घड्याळ लावल्यासारखे कामाला लागावे. पहिल्या दोन-तीन दिवसांतच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बियाण्याच्या तक्रारींसाठी तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते. ती शेतावर येऊन पंचनामा करते. पंचनाम्याच्या वेळी दुकानदार व कंपनीच्या माणसाला कळविलेले असले पाहिजे, नाहीतर पुढे "आम्हाला न विचारता केला" असा आक्षेप येतो. पंचनाम्यात किती क्षेत्र, उगवण किती टक्के, जमिनीत ओल होती की नव्हती, बी किती खोल पडले होते, हे सारे लिहिले जाते. अहवालात "बियाणे सदोष" असे स्पष्ट लिहिले आहे की "ओलीअभावी उगवण कमी" असे लिहिले आहे, ते वाचूनच सही करावी. आपल्याकडे पाऊस दगा देतो हे कंपन्यांना चांगले माहीत आहे, आणि पावसावर ढकलणे सोपे असते. समिती येण्याआधी शेत मोडू नका. घाई असेल तर निदान चार-पाच गुंठे तसेच ठेवा, मोबाईलवर तारखेसह फोटो काढा, सातबाऱ्यावर त्या पिकाची ई-पीक पाहणी झालेली असू द्या.

ग्राहक आयोगात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. एकाच लॉटचे बी गावातल्या पाच-दहा जणांनी घेतले असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. त्यात खर्चही वाटला जातो आणि 'एकट्याच्याच शेतात कसे?' हा प्रश्नही उरत नाही. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिली आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात हे मान्य करायला हवे. पण तक्रार दाखल होऊन नोटीस गेली की तडजोडीला येणारे विक्रेते पुष्कळ, आणि कायद्यात मध्यस्थीची सोयही केली आहे. आधी फोनवर विचारायचे असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ऑनलाइन तक्रारीसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' ही सोय आहे, घरातल्या कॉलेजच्या मुलाला ती सहज जमेल.

थोडे इतर

जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. ठिबक संच, ट्रॅक्टर, खत नियंत्रण आदेशातली सूक्ष्म अन्नद्रव्ये यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ठिबकचे कोटेशन त्याआधीचे असेल तर नव्याने काढून घ्या. बियाण्यांच्या नव्या कायद्याचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात पिशवीवर क्यूआर कोड आणि पाचशे रुपयांच्या जागी लाखांतले दंड सुचविले आहेत. मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

उसाच्या रोपांबद्दल वेगळे सांगायला हवे. खासगी रोपवाटिकांतून रोपे आणण्याचे प्रमाण वाढले आहे. को ८६०३२ म्हणून आणलेली रोपे भलत्याच वाणाची निघाली तर ते कळते सहा-आठ महिन्यांनी. तेव्हा पावतीवर वाणाचे नाव, रोपांचे वय, संख्या आणि बेणे कोठल्या मळ्यातले, हे लिहून घ्या. "ऊस रोपे, नग अमुक" एवढ्यावर सोडू नका.

आणि हेच कायदे आपल्या कारखान्यालाही लागू आहेत, हे आम्ही लपवीत नाही. साखरेचे पाकीट विकायचे तर त्यावर निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाचा महिना आणि अन्न परवान्याचा नंबर लागतो. साखर नियंत्रणाचा १९६६ चा आदेश जाऊन १ मे २०२५ रोजी नवा आदेश आला, त्याचेही पालन करावे लागते. वजनकाट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी व्हावी लागते, तिचे प्रमाणपत्र काट्यावर पाहायला मागा. शेअरवर मिळणाऱ्या साखरेचेही वजन करून घ्या, आम्हाला त्याचा राग येणार नाही. कारखान्यामार्फत उधारीवर दिलेल्या बेण्याची आणि खताची पावतीही याच नियमाने मागावी. ऊस बिलातून कपात होते म्हणून ती खरेदी नव्हे असे होत नाही.

या हंगामापासून प्रत्येक गट कार्यालयात तक्रार अर्जाचा कोरा नमुना ठेवला आहे. तो भरताना पावती, लेबल, सातबारा व आठ-अ यांच्या दोन-दोन झेरॉक्स जोडाव्यात. मूळ पावती कोणालाही, आमच्या चिटबॉयलासुद्धा, देऊ नये.